सिन्नरची 18 × 42 मीटर शेड आणि व्हायल इंजेक्शनची लाइन: लेआउटमध्ये काय चुकतंय?

माळेगाव_शेड

नमस्कार मंडळी. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत 18 × 42 मीटरची प्री-इंजिनिअर्ड शेड रिकामी आहे, कडेला उंची 5.5 मीटर. तिच्यात 2 ते 10 मिलीच्या लिक्विड व्हायलची लाइन टाकायची आहे. मिनिटाला 60 व्हायल, बॅच 300 लिटर. सुरुवातीला दोनच प्रॉडक्ट: लिग्नोकेन आणि सक्सिनिलकोलीन.

आर्किटेक्टनी दिलेला लेआउट असा. मधोमध 8 × 7 मीटरची ग्रेड बी फिलिंग रूम (हवेच्या स्वच्छतेचे दर्जे ए, बी, सी, डी; ए सर्वांत स्वच्छ), आत मशीनवर ग्रेड एचा एलएएफ, म्हणजे वरून सरळ एकाच दिशेनं गाळलेली हवा सोडणारं युनिट. भोवती चारही बाजूंनी ग्रेड सी कॉरिडॉर. बीमध्ये शिरायला एक चेंज रूम, 2 × 1.5 मीटर, जाण्यायेण्याला तीच. फिलिंग रूमच्या कोपऱ्यात ट्रॅपवाला ड्रेन. स्टॉपर आणि मशीनचे पार्ट आत घ्यायला पास बॉक्स. सगळे एएचयू (हवा गाळून थंड करणारी युनिट) फॉल्स सीलिंगच्या वर.

विक्री सध्या देशातच, पण पुढे युरोपचा रस्ता बंद व्हायला नको. एफडीएकडे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे) प्लॅन टाकण्याआधी यात काय बदलावं? आणि 5.5 मीटर उंची पुरेल का?

क्यूए_सातपूर

उंचीचं एचव्हीएसीवाले सांगतील. पण ड्रॉइंग एका पायरीनं लवकर काढलंय. तुमची दोन प्रॉडक्ट दोन वेगळ्या रस्त्यांची आहेत.

लिग्नोकेन उष्णता सोसतं. भरून, बंद करून 121 अंशाला 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करता येतं. म्हणजे टर्मिनल स्टरिलायझेशन. त्याला फिलिंगच्या भोवती ग्रेड सी चालतो. सक्सिनिलकोलीन उष्णतेनं तुटतं, ठेवायचंही 2 ते 8 अंशांत. ते 0.22 मायक्रॉनमधून गाळून अ‍ॅसेप्टिक भरण्याला पर्याय नाही, आणि तिथे ए इन बी (ग्रेड बी रूमच्या आत ग्रेड ए) लागतंच. लाइन एकच असेल तर ती अवघड प्रॉडक्टच्या हिशोबानंच बांधावी लागते. पण म्हणून लिग्नोकेनचं टर्मिनल सायकल सोडू नका. "अ‍ॅसेप्टिक लाइन आहेच, मग ऑटोक्लेव्ह कशाला" हा युक्तिवाद कुठलाच इन्स्पेक्टर ऐकत नाही. ज्याला उष्णता चालते त्याला ती द्यायचीच. म्हणून भरलेल्या व्हायलसाठी वेगळा टर्मिनल ऑटोक्लेव्ह लेआउटमध्ये आजच दाखवा. त्याच्या अलीकडे "स्टराइल न केलेला" माल आणि पलीकडे "केलेला" माल अशा दोन बंद जागा हव्यात. त्या दोन ट्रॉल्या एका खोलीत शेजारी उभ्या राहिल्या की घोटाळा ठरलेला.

आता ड्रॉइंगमधल्या चुका. ड्रेन आधी खोडा. ए आणि बीमध्ये ना सिंक, ना ड्रेन, याला ट्रॅपचा अपवाद नाही. ट्रॅपमधलं पाणी सुकतं, मग ती गटाराकडे उघडी नळी उरते. पाणी राहिलं तर जंतूंचं घर.

पास बॉक्सही चुकीच्या जागी आहे. स्टॉपर, फिलिंगच्या सुया, सायलेंडर, होज हे सगळं बीमध्ये दोन दारांच्या ऑटोक्लेव्हमधूनच यायला हवं. लोडिंगचं दार सीमध्ये, अनलोडिंगचं बीमध्ये, एलएएफखाली. व्हायल येतात डीपायरोजनेशन टनेलमधून (कडक उष्णतेनं जंतू आणि त्यांचे ताप आणणारे अवशेष नष्ट करणारा बोगदा). पास बॉक्स फक्त ऑटोक्लेव्हमध्ये न जाणाऱ्या किरकोळ वस्तूंसाठी, तोही डायनॅमिक (आत स्वतःची गाळलेली हवा फिरणारा), आणि पुसण्याची पद्धत लिहून. एंट्रीला एक खोली पुरत नाही. कपडे बदलण्याच्या पायऱ्या डी, सी, बी अशा चढत जातात आणि शेवटची खोली माणूस नसताना ग्रेड बीच्याच दर्जाची असावी लागते. बाहेर पडायचा रस्ता वेगळा ठेवा. आत जाणारा ताजा गाऊन आणि बाहेर येणारा घामेजलेला माणूस 3 चौरस मीटरमध्ये भेटू नयेत.

दारांना इंटरलॉक, दोन्ही एकदम उघडणार नाहीत असा. माणसांचा आणि सामानाचा एअरलॉक वेगळा. आणि सीचा कॉरिडॉर चारही बाजूंना का? एका बाजूला डी किंवा अनक्लासिफाइड गॅलरी ठेवून खिडक्या द्या. बाहेरून बघणारे सगळे तिथे उभे राहतील, आणि सीची हवा महाग असते.

फिलिंग रूम 56 चौरस मीटर म्हणजे फार मोठी. 60 व्हायलच्या मशीनला 30 चौरस मीटरची रूम ठीक. मोठ्या बी रूममध्ये माणसं जास्त थांबतात, खुर्च्या शिरतात, ट्रॉल्या शिरतात.

डक्टवाला

5.5 मीटर हा आकडा फसवा आहे, कारण तो कडेचा. प्री-इंजिनिअर्ड शेडमध्ये कडेच्या खांबाशी राफ्टर (छताची तिरपी तुळई) सहज 600-700 मिमी खोल असतो, म्हणजे त्याच्याखाली मोकळे 4.8. त्यातून क्लीनरूमचे 2.7 आणि चालण्याजोग्या सीलिंग पॅनलचे 80 मिमी काढा. वर उरले जेमतेम 2 मीटर. त्यात टर्मिनल हेपाचा (शेवटच्या बारीक फिल्टरचा) डबा आणि प्लेनम मिळून 450, वरून इन्सुलेशनसह डक्ट 450, एक डक्ट दुसऱ्याला ओलांडतो तिथे आणखी तेवढंच. माणूस तिथे रांगत जाईल. एएचयू वर ठेवायचा विचार सोडा. मेंटेनन्सवाला महिन्यातून दोनदा बेल्ट आणि प्री-फिल्टरला जातो, तो क्लीनरूमच्या डोक्यावर नसावा.

पण छताला उतार आहे. 1:10 धरला तर 9 मीटरच्या अर्ध्या रुंदीत कण्याखाली (छताच्या मधल्या उंच रेषेखाली) 0.9 मीटर जास्त मिळते. तेव्हा फिलिंग, टनेलचं थंड टोक आणि ऑटोक्लेव्ह अनलोडिंग हा गाभा बरोबर कण्याखाली घ्या. वॉशिंग, पॅकिंग, स्टोअर कडेला सरकवा. एएचयू शेडला लागून जमिनीवर किंवा एका मजल्याच्या सर्व्हिस ब्लॉकमध्ये.

आता एक गोष्ट जी आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये जवळपास कधीच नसते: रिटर्न रायझर, म्हणजे हवा परत नेणारा उभा डक्ट. हवा वरून येते, तिला जमिनीलगतून परत घ्यायचं असतं. वरूनच घेतली तर ती वरच्यावर फिरते आणि खालचे कण खालीच राहतात. हिशोब बघा. रूम 6 × 5 × 2.7 म्हणजे 81 घनमीटर. 40 एअर चेंज धरले तर तासाला 3240 घनमीटर. चार कोपऱ्यांत चार रायझर, प्रत्येकी 810. ग्रिलवर वेग 1.5 मीटर प्रति सेकंद ठेवायला 300 × 500 ची ग्रिल, आणि रायझर आतून किमान 250 × 300. पॅनलची जाडी धरून प्रत्येक कोपऱ्यात 350-400 मिमी जागा गेली. ती आधी न सोडल्यास मशीन आल्यावर रायझर मशीनच्या मागे दडतो आणि ग्रिल पुसायला हात पोचत नाही.

40 हा काही कायदा नाही. अ‍ॅनेक्स 1 (स्टराइल औषधांसाठीचे युरोपचे नियम) बीसाठी आकडा देतच नाही, तो रिकव्हरी मागतो: काम थांबल्यावर 20 मिनिटांच्या आत रूम पुन्हा माणसं नसतानाच्या स्थितीला, म्हणजे "अ‍ॅट रेस्ट"ला यावी. बीची मर्यादा काम चालू असताना घनमीटरला 0.5 मायक्रॉनचे 3,52,000 कण, अ‍ॅट रेस्ट 3,520. म्हणजे शंभरपट घट. हवा अगदी एकसारखी मिसळते असं मानलं तर लागणारा वेळ 4.6 भागिले एअर चेंज, तासांत. 20 ला 13.8 मिनिटं, 40 ला 7. प्रत्यक्षात मिसळणं कधीच पूर्ण नसतं, मशीनच्या मागे खिसे राहतात, म्हणून 20 वर कागदी पास आणि प्रत्यक्षात नापास. 35-40 योग्य.

ग्रेड ए वेगळाच. एलएएफ 3 × 1.2 मीटर, वेग 0.45 मीटर प्रति सेकंद (कामाच्या उंचीवर 0.36 ते 0.54 ची पट्टी असते) म्हणजे तासाला 5,800 घनमीटर. बीच्या पुरवठ्याच्या जवळपास दुप्पट, आणि ती रूममधलीच हवा गोल फिरते. त्या फॅनची उष्णता रूममध्येच सुटते. कूलिंग लोडमध्ये ती धरायची राहून जाते आणि रूम 20 ऐवजी 24 वर अडकते. फुल गाऊनमधला ऑपरेटर घामाघूम.

प्रेशर: बाहेर 0, डी 15, सी 30, बी 45 पास्कल असं उतरतं ठेवा. वेगळ्या ग्रेडमध्ये किमान 10 हवेच, डिझाइनला 15 धरा म्हणजे गेज हलला तरी जागा राहते. 15 पास्कलला दाराच्या 3 मिमी फटीतून, 0.9 × 2.1 च्या चौकटीभोवती पूर्ण धरून, तासाला सुमारे 200 घनमीटर गळतं. चार दारं म्हणजे 800. व्हायल कॅपिंगला बाहेर जातात ते भोक 150 × 120 मिमी असेल तर आणखी 200. टनेलही बीमधली हवा ओढतो, किती ते टनेलवाल्याकडून लेखी घ्या. ही सगळी बेरीज फ्रेश एअरनं भरून काढायची. "फ्रेश एअर 10 टक्के" असा ठोकताळा लावला तर इथे 324 येतात, आणि प्रेशर उभंच राहणार नाही.

आपल्या भागाचं एक. सिन्नर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे 7 टक्के विरळ. फॅन घनमीटर तितकेच देतो, पण वजनानं हवा कमी, म्हणून थंडावाही तितकाच कमी वाहून नेतो. फॅनचं कॅटलॉग समुद्रसपाटीचं असतं. व्हेंडरकडून साइट अल्टिट्यूड लिहून सिलेक्शन मागा.

आणि पावसाळा. 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेचा दवबिंदू 9.3 अंश. 7 अंशाच्या चिल्ड वॉटरनं कॉइलवरून हवा 11-12 च्या दवबिंदूला निघते, म्हणजे रूममध्ये 56-60 टक्के. लिक्विडला ते चालतं, पण यूआरएसमध्ये (स्वतःच्या गरजांच्या लेखी यादीत) "45 ± 5" लिहून बसलात तर डेसिकंट डीह्युमिडिफायर घ्यावाच लागेल. नको तो आकडा लिहूच नका.

माळेगाव_शेड

क्यूए सर, डक्टवाला सर, धन्यवाद. फिलिंग रूम 6 × 5 करतो, ड्रेन खोडला. दोन शंका. आयसोलेटर (मशीनभोवतीची सीलबंद पेटी, ग्लोव्हमधून काम) घेतला तर बी रूमच टळेल का? आणि ऑटोक्लेव्हवाला म्हणतो प्रेशरवर चालणारं साधं मॉडेल स्वस्तात देतो, 1.03 बार गेजला 121 अंश मिळतातच. घ्यावं?

क्यूए_सातपूर

आयसोलेटरला बीची गरज उरत नाही, खरं आहे. उघड्या प्रकाराला किमान सी, पूर्ण बंदला किमान डी. आरएबीएसला (मशीनभोवती ग्लोव्ह लावलेला, पण पूर्ण सीलबंद नसलेला अडथळा) मात्र भोवती बीच. आयसोलेटर घेतला तर बीचे एअरलॉक, गाऊन, एअर चेंज, मॉनिटरिंगच्या (जंतू मोजायच्या) प्लेट, सगळं वाचतं. पण हायड्रोजन पेरॉक्साइडचं सायकल बसवणं, ग्लोव्ह लीक टेस्ट आणि साइज बदलताना जाणारा वेळ हे रोजचं ओझं. 2 ते 10 मिलीमध्ये रोज साइज बदलणार असाल तर ओआरएबीएस (उघडा आरएबीएस) इन बी हा मधला मार्ग. एकाच साइजचे मोठे कॅम्पेन असतील तर आयसोलेटर. ठरवा ते आत्ताच, कारण सीलिंगमधल्या हेपाची मांडणी त्यावर बदलते.

कॅपिंगचं राहिलं. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा उडतो, म्हणून कॅपिंग बीमध्ये नको. स्टॉपर बसलेली व्हायल क्रिम्प होईपर्यंत ए दर्जाच्या हवेखाली जायला हवी, आणि क्रिम्पिंगच्या ठिकाणी एक्झॉस्ट. स्टॉपर वर आलेल्या व्हायल बाजूला काढणारा सेन्सर कॅपिंगच्या आधी, नंतर नाही.

वाफ_बॉयलर

ऑटोक्लेव्हची शंका नाशिक-सिन्नरसाठी अगदी मोक्याची. घेऊ नका.

गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. 121 अंशाला शुद्ध वाफेचा निरपेक्ष दाब 2.05 बार. किनाऱ्यावर हवेचा दाब 1.013, म्हणून तिथे गेज 1.04. आपल्याकडे हवेचा दाब सुमारे 0.94, म्हणून गेज 1.11 यायला हवा. तुमचा 1.03 म्हणजे निरपेक्ष 1.97 आणि तापमान 119.8 अंश. दिसायला सव्वा अंश. पण मारण्याचा वेग दर 10 अंशाला दहापट बदलतो, तेव्हा सव्वा अंशानं तो 74 टक्क्यांवर येतो. 15 मिनिटांच्या सायकलला एफ शून्य (121 अंशांच्या मिनिटांत मोजलेला जंतू मारण्याचा परिणाम) 15 ऐवजी 11. चेंबरमध्ये हवा उरली असेल तर गेज खुशाल 1.11 दाखवेल आणि तापमान त्याहून खाली.

म्हणून कंट्रोल तापमानावर, चेंबरच्या ड्रेनमधल्या सेन्सरवर. प्रेशर ट्रान्समीटर निरपेक्ष प्रकारचा, आणि दोन्हींचा वाफेच्या तक्त्याशी मेळ सायकलभर तपासणारं अलार्म. पार्ट आणि स्टॉपरसाठी प्री-व्हॅक्यूम हवंच, किमान तीन पल्स, कारण होजमधली हवा वाफ आपोआप ढकलत नाही. व्हॅक्यूम पंप लिक्विड रिंगचा असेल तर त्याला जाणारं पाणी थंड ठेवा. एप्रिल-मे मध्ये टाकीतलं पाणी 35 अंशावर गेलं की व्हॅक्यूम खोल जात नाही आणि बोवी-डिक टेस्ट (चेंबरमधली हवा पूर्ण निघते का ते बघणारी) उगाच नापास होते. लोक गॅस्केट बदलत बसतात.

चेंबरला जाणारी वाफ प्युअर स्टीम जनरेटरची. बॉयलरची थेट नाही, त्यात बॉयलरची रसायनं असतात.

लूप_उतार

पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून. डब्ल्यूएफआय (इंजेक्शनसाठीचं पाणी) सतत फिरवणारा पाइपचा लूपही तुमच्या उंचीच्या हिशोबात येतो.

पाइप पूर्ण रिकामा व्हायला 1:100 उतार धरतात. 60 मीटरच्या लूपला 600 मिमी. वरच्या 2 मीटरमध्ये डक्ट आणि हा उतार एकमेकांना छेदतात, आणि साइटवर दरवेळी डक्ट जिंकतो. मग पाइपफिटर एक U घालतो, तिथे पाणी कायम साचतं. लूपचा आयसोमेट्रिक डक्टच्या आधी मंजूर करा.

आकार: दीड इंची 316एल ट्यूबचा आतला व्यास 34.8 मिमी. रिटर्नला 1 मीटर प्रति सेकंद वेग राखायला तासाला 3.4 घनमीटर लागतात. त्यावर एकाच वेळी उघडणाऱ्या पॉइंटचा खप. व्हायल वॉशरच बहुतेक पाणी खातो. दोन घनमीटर धरले तर पंप साडेपाचचा. लोक पंप फक्त खपावर घेतात, वॉशर चालू झाला की रिटर्न थांबतो आणि जंतूंना बसायला जागा मिळते. तापमान 80 च्या आसपास ठेवा, व्हॉल्व्ह डायफ्रामचे, डेड लेग व्यासाच्या दुपटीच्या आत.

टाकीच्या व्हेंट फिल्टरला गरम जॅकेट विसरू नका. गरम टाकीची वाफ थंड फिल्टरमध्ये जमली की तो तुंबतो, आणि पंपानं पाणी ओढलं की टाकी डब्यासारखी चेपते.

तपासणीचे आकडे ठाऊक असतीलच: 25 अंशाला कंडक्टिव्हिटी 1.3 मायक्रोसीमेन्स प्रति सेमी, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) 500 पीपीबी, एंडोटॉक्सिन 0.25 ईयू प्रति मिली, जंतू 100 मिलीत 10. कच्चं पाणी बोअरचं असेल तर आधी वर्षभराचे, निदान उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही रिपोर्ट हातात घ्या. बेसॉल्टमधल्या बोअरला कठीणपणा आणि सिलिका असते, आणि ईडीआय (विजेच्या मदतीनं पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) सिलिकाला फार हळवं. एकाच नमुन्यावर सॉफ्टनर आणि आरओ निवडू नका.

फरशी_पीयू

शेड काळ्या मातीवर आहे का, ते आधी खोदून बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि स्लॅब तिच्यासोबत हलतो. क्लीनरूममध्ये हे कसं दिसतं? कोव्हिंगच्या (फरशी-भिंतीच्या गोल सांध्याच्या) वर पॅनलशी केसासारखी रेघ, मग एपॉक्सीत लांब तडा, आणि प्रेशर गेज विनाकारण 2-3 पास्कल उतरलेला. माती काढून मुरूम भरून दाबलेला नसेल तर फरशीचा खर्च पाण्यात.

स्लॅबखाली जाड पॉलिथिन हवं. नसेल आणि फरशी पावसाळ्यात टाकली तर खालची ओल एपॉक्सीला फोड आणते. बी आणि सीमध्ये एपॉक्सी चालेल, पण वॉशिंग, ऑटोक्लेव्ह लोडिंग आणि गरम पाणी सांडतं तिथे 6 मिमी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट. एपॉक्सी गरम-थंड झटक्यानं सुटते.

छतावरून गळणारं पाणी हा वेगळा विषय, पण शेडच्या पत्र्याचे स्क्रू एका पावसाळ्यात तपासल्याशिवाय सीलिंग पॅनल लावू नका.

डक्टवाला

एक पुरवणी. वळवाच्या पावसात लाइन जाते. जनरेटर येईपर्यंत 10-15 सेकंद सगळे फॅन बंद, 45 पास्कलचे शून्य होतात, आणि टनेलच्या गरम भागाकडून हवा उलटी फिलिंगकडे येऊ शकते. एलएएफचे फॅन यूपीएसवर घ्या, किलोवॅट फार नाहीत. एएचयू व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) फ्लाइंग स्टार्टसह, म्हणजे फॅन फिरत असतानाच पुन्हा चालू होईल असे. एएचयू परत चालू होण्याचा क्रम बीएमएसमध्ये (इमारतीच्या कंट्रोल सिस्टीममध्ये) लिहा: आधी बी, मग सी, मग डी. उलटा क्रम लागला तर काही मिनिटं डीचं प्रेशर बीपेक्षा जास्त राहतं आणि ते ट्रेंडमध्ये कायमचं छापलं जातं.

माळेगाव_शेड

बीमधून आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार थेट बाहेर काढलं तर चालेल का? 45 पास्कलला ते उघडेल?

डक्टवाला

0.9 × 2.1 चं दार म्हणजे 1.9 चौरस मीटर. 45 पास्कलला सगळ्या दारावर 85 न्यूटन, हँडलशी त्याच्या निम्मे, साधारण साडेचार किलोचा जोर. शिवाय हे दार बाहेर उघडतं, म्हणजे दाब त्याला उघडायलाच मदत करतो. अडचण उलट आहे: दाब दाराला सतत चौकटीपासून दूर ढकलतो, म्हणून गॅस्केट दोन पाकळ्यांचं आणि लॅच घट्ट हवं. नाहीतर फोडून उघडायची काच असलेलं सीलबंद पॅनल लावा आणि त्याला अलार्म द्या. थेट बाहेर मात्र नको, मध्ये एक छोटी बंद लॉबी ठेवा. द्राक्षाच्या हंगामात बागांवर धुरळणी चालू असते, आणि जंतू उगवलेली पहिली मॉनिटरिंग प्लेट त्या दाराच्या फटीशीच सापडेल.